कोळशाची गिरणी: घ्यायची किंमत आणि पोसायची किंमत

खरेदीच्या बैठकीत टेबलावर दोन कोटेशनं होती. सिमेंट कारखान्यासाठी कोळसा दळायची गिरणी घ्यायची होती, तासाला ३० टन दळणारी. एक आडव्या ड्रमची बॉल मिल, १४ कोटींची. दुसरी उभी रोलर मिल, १८ कोटींची. खरेदीचे साहेब कागदावर बोट ठेवून म्हणाले, "दोन्ही ३० टनांच्याच आहेत ना? मग वरचे चार कोटी कशाचे द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर त्या दोन कागदांवर कुठेच नव्हतं. मी कोळसा गिरण्यांच्या देखभालीत २२ वर्षं काढली, तेव्हा ते उत्तर कुठे दडलेलं असतं हे थोडंफार सांगू शकतो. खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून गोल करून घेतलेत. तुमच्या कारखान्यात ते वेगळे असतील, रीत हीच राहील.

कोळसा दळतात कशाला?

चुलीत कोळशाचा खडा टाकला तर तो तास-दीड तास धुमसतो. बॉयलरला किंवा सिमेंटच्या भट्टीला एवढा वेळ नसतो. तिथे कोळसा हवेबरोबर फुंकला जातो आणि एक-दोन सेकंदांत जळून जावा लागतो. म्हणून तो टाल्कम पावडरइतका बारीक करायचा. वीज केंद्रात साधारण नियम असा, की दळलेल्या कोळशातला ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे. ७५ मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतकं.

आणि दळायचा किती? वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक वीजनिर्मिती संच पूर्ण भाराने चालला, की आपल्याकडचा राखाळ कोळसा तासाला ३०० टनांहून जास्त खातो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात असे पाच संच आहेत. शिवाय त्याच जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूरकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत, आणि या सगळ्यांच्या मध्ये वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणी. गिरणीवाल्याला चंद्रपुरात कामाची ददात नाही.

गिरण्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. बॉल मिल म्हणजे आडवा फिरणारा प्रचंड ड्रम, आत टनांनी पोलादी गोळे. ड्रम फिरतो, गोळे वर चढतात, खाली कोसळतात, कोळसा चिरडला जातो. उभ्या मिलमध्ये खाली फिरतं टेबल किंवा वाडगा, वर दाबून बसलेले दोन-तीन रोलर, खालून गरम हवा. हवा कोळसा वाळवते आणि बारीक भुकटी वर उचलून नेते. वर बसलेला क्लासिफायर जाड कण परत खाली ढकलतो. वीज केंद्रात या उभ्या मिलला बाऊल मिल म्हणतात. तिथल्या कुठल्याही फिटरच्या तोंडी 'एक्सआरपी १००३' हे नाव असतं. त्यातला 'आर' रेमंड या गिरण्या बनवणाऱ्या कंपनीचा, १०० म्हणजे वाडग्याचा व्यास इंचांत आणि ३ म्हणजे रोलरची संख्या. देश मेट्रिक झाला तरी वाडगा इंचांतच राहिला.

आधी वीज

आता साहेबांच्या चार कोटींकडे येऊ. आपली भट्टी रोज ३,००० टन क्लिंकर (ज्याला दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे) काढते आणि तिला दिवसाला साधारण ५४५ टन कोळसा लागतो असं धरू. तासाला ३० टन दळणारी गिरणी रोज १८ तास चालली की भट्टीचं पोट भरतं. वर्षाला ३३० दिवस धरले तर १ लाख ८० हजार टन.

बॉल मिल, तिचा पंखा आणि जाड कण वेगळे काढणारा सेपरेटर मिळून टनाला ३८ युनिट वीज खातात असं समजा. उभी मिल २८ युनिट. फरक टनाला १० युनिटचा. साडेसात रुपये युनिटने वर्षाला १८ लाख युनिट म्हणजे १ कोटी ३५ लाख रुपये. जास्तीचे चार कोटी तीन वर्षांत वसूल.

गिरणी २० वर्षं चालते. मग १ कोटी ३५ लाख गुणिले २० म्हणजे २७ कोटी वाचले, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पंधरा वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. सोपं असं लक्षात ठेवा: दहा टक्के व्याजाने आज साडेआठ रुपये ठेवले, तर २० वर्षं दरवर्षी एक रुपया काढता येतो. म्हणून वार्षिक रकमेला २० ने नाही, साडेआठने गुणायचं. वाचणारी वीज आजच्या पैशांत साडेअकरा कोटींची होते.

याच रीतीने एकूण विजेचा आकडा काढला की माणूस जरा गप्प होतो. उभी मिलसुद्धा वर्षाला ३ कोटी ७८ लाखांची वीज खाते, म्हणजे आजच्या पैशांत ३२ कोटी. बॉल मिलची वीज ४३ कोटींच्या पुढे. आपण घासाघीस करतो १४ की १८ यावर, आणि विजेचं बिल दोन्हीकडे खरेदीच्या किमतीला मागे टाकून गेलेलं असतं.

बॉल मिलची आणखी एक खोड आहे. तिची बहुतेक वीज गोळे उचलण्यात जाते. कोळसा अर्धा टाकला तरी गोळे तेवढेच, त्यामुळे बिल जवळपास तेवढंच. उभी मिल कमी भारावर थोडी तरी हलकी होते. पूर्वी याकडे फार कुणी बघत नसे, कारण गिरण्या भरल्या पोटीच चालायच्या. आता दुपारी सौर वीज भरपूर येते आणि औष्णिक संचांना भार उतरवायला सांगितलं जातं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे असं घालून दिलंय, पुढे ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे दुपारी गिरण्या बंद करा, संध्याकाळी पुन्हा लावा. वीज केंद्रासाठी गिरणी घेताना पूर्ण भाराचाच आकडा बघितला, तर दिवसातले निम्मे तास हिशोबाबाहेर राहतात.

मग झीज

पूर्वी गावात "जातं टाकवून घ्या" अशी हाळी देत पाथरवट यायचे. दगड घासून गुळगुळीत झाला की जातं दळत नाही, नुसतं गरगरतं. पीठ जाडंभरडं पडतं आणि हात भरून येतात. मग छिन्नीने पुन्हा टाके पाडायचे. कोळशाच्या गिरणीचंही हेच आहे. रोलर झिजला म्हणजे फक्त रोलरचा खर्च आला असं होत नाही. झिजलेला रोलर कमी दळतो, जाड दळतो आणि वीज जास्त खातो.

हे झिजवतं कोण? कोळसा नव्हे. कोळसा पोलादापेक्षा कितीतरी मऊ. आपल्या कोळशात राख ३५-४० टक्के असणं नवलाचं नाही, आणि त्या राखेत गारगोटी असते. क्वार्ट्झ. ती पोलादाला ओरखडते. म्हणून रोलरवर क्रोमियमयुक्त कठीण ओतीव लोखंडाचं कवच चढवतात किंवा वेल्डिंगने कठीण थर देतात. त्याला हार्डफेसिंग म्हणतात. वेल्डर दोन-तीन दिवस रोलर हळूहळू फिरवत थरावर थर देत बसतो. थर गार होताना 'टिक्, टिक्' आवाज येतो आणि पृष्ठभागावर आडव्या बारीक भेगा पडतात. नवीन इंजिनिअर त्या बघून घाबरतो, कॉन्ट्रॅक्टरला धारेवर धरतो. मीही धरलं होतं. त्या भेगा पडायच्याच असतात. कठीण थरातला ताण तिथून मोकळा होतो. भेगा लांबीच्या दिशेने धावल्या किंवा थराचे पोपडे उचलले, तर मात्र भांडा.

बॉल मिल इथे बाजी मारते. गोळे झिजले की चालू गिरणीतच नवे टाकता येतात, बंद करावी लागत नाही. गोळे आणि लायनर (ड्रमचं आतलं अस्तर) मिळून टनाला १२ रुपये, आणि उभ्या मिलचे रोलर, टेबल, हार्डफेसिंग मिळून २० रुपये धरू. वर्षाचा फरक साधारण १४ लाख. विजेच्या बचतीतून वजा केला तरी उभी मिल वर्षाला १ कोटी २० लाखांनी पुढे राहते.

इथपर्यंतचा हिशोब कुठलाही विक्रेता तुम्हाला रंगीत तक्त्यात करून देईल. बहुतेक अहवाल इथेच थांबतात.

बंद पडलेला दिवस

भट्टी बंद पडली तर टनामागे ८०० रुपये बुडतात असं धरा. ३,००० टन, म्हणजे दिवसाला २४ लाख. आता भागा: १ कोटी २० लाख भागिले २४ लाख. पाच.

वर्षात पाच दिवस. उभ्या मिलमुळे भट्टी बॉल मिलपेक्षा फक्त पाच दिवस जास्त बंद राहिली, की वीज आणि झीज यांची सगळी वजाबाकी शून्यावर येते. सहाव्या दिवशी १८ कोटींची शहाणी गिरणी १४ कोटींच्या जुनाट गिरणीपेक्षा चालवायलाही महाग पडायला लागते, वरचे चार कोटी तर वेगळेच.

अर्थात गिरणी थांबली म्हणजे भट्टी लगेच थांबत नाही. दळलेल्या कोळशाचा बंकर काही तास निभावून नेतो. आणि गिरणी रोज १८ तासच चालवायची असल्याने सहा तासांचा रिकामा वेळ हाताशी असतो. नट आवळणं, तेल बदलणं, हायड्रॉलिकची गळती बघणं, सगळं त्या सहा तासांत उरकतं. वीज केंद्रात तर एका संचाला सहा-आठ गिरण्या असतात आणि त्यातली एखादी राखीव. त्यामुळे माझ्या मते गिरणीच्या खर्चात सगळ्यांत महाग वस्तू हा रिकामा वेळच आहे, आणि तो कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. तो खातं कोण, ते आता सांगतो.

३० टन, पण कुठल्या कोळशाचे?

कोळसा दळायला किती सोपा, याचं एक माप आहे: हार्डग्रोव्ह निर्देशांक. प्रयोगशाळेत ५० ग्रॅम कोळसा एका छोट्या वाडग्यात आठ पोलादी गोळ्यांखाली ६० फेरे दळतात आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली किती ग्रॅम पडला ते मोजतात. त्याला ६.९३ ने गुणून १३ मिळवले की निर्देशांक मिळतो. आकडा मोठा तितका कोळसा दळायला हलका. सहा ग्रॅम पडला तर साधारण ५५.

गिरणीचे '३० टन' नेहमी कुठल्यातरी ठरावीक निर्देशांकावर, ठरावीक ओलाव्यावर आणि ठरावीक बारीकपणावर सांगितलेले असतात. कोटेशनच्या चौथ्या-पाचव्या पानावर, बारीक टायपात. स्वीकृती चाचणीच्या दिवशीचा कोळसा तर लग्नातल्या नवरीसारखा नटवून आणलेला असतो: निवडलेला, वाळलेला, दगड वेचलेला. चाचणी पास होते, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यावर नेहमीचा कोळसा येतो.

समजा गिरणी ६० च्या निर्देशांकावर घेतली आणि आला ४५ चा कोळसा. तासाला ३० टनांऐवजी २५ टनच निघू लागले. ५४५ टनांना आता १८ नव्हे, जवळपास २२ तास लागतात. सहा तासांचा रिकामा वेळ दोन तासांवर आला. कागदावर गिरणी 'भागवते आहे', उत्पादन बुडालेलं नाही, अहवालात लाल शाई नाही. पण दुरुस्ती पुढे ढकलली जाते. आज नको, रविवारी करू. रविवारी भट्टी जोरात असते. आणि मग एका रात्री बेअरिंग तापतं.

एक बारकावा खूप जणांच्या लक्षात येत नाही. हा निर्देशांक दळायला सोपं की अवघड ते सांगतो, गिरणी किती झिजेल ते सांगत नाही. दळायला मऊ कोळशातही गारगोटीचे खडे भरपूर असू शकतात. झिजेसाठी वेगळी चाचणी असते: चार पोलादी पाती कोळशात १२,००० फेरे फिरवायची आणि त्यांचं वजन किती घटलं ते बघायचं. मी बघितलेल्या निम्म्या निविदांत ही चाचणी मागितलेलीच नव्हती.

बारीकपणाचंही तेच. सिमेंटवाले एक ठोकताळा वापरतात: कोळशातलं बाष्पशील द्रव्य (तापवल्यावर वायू होऊन निघून जाणारा भाग) जितके टक्के, त्याच्या निम्मे टक्के ९० मायक्रॉनच्या चाळणीवर उरले तर चालेल. २६ टक्क्यांच्या कोळशाला १३. पेटकोकमध्ये, म्हणजे तेल शुद्धीकरणात उरणाऱ्या कोळशासारख्या इंधनात, ते १० च्या आसपास, म्हणून पाचच. उद्या बाजारभाव बघून व्यवस्थापनाने पेटकोक आणायचं ठरवलं, तर तीच गिरणी कितीतरी बारीक दळायला लागते आणि तासाचे टन घसरतात. इंधन स्वस्त मिळालं म्हणून खरेदी खात्याची पाठ थोपटली जाते, गिरणी खात्याला मेमो मिळतो.

ऑगस्ट महिना

विदर्भातल्या पावसाचा अनुभव नसलेल्या माणसाने बनवलेला गिरणीचा हिशोब मी लगेच ओळखतो. त्यात वर्षाचे बारा महिने सारखे असतात.

ऑगस्टमध्ये कोळसा येतो तो कोळसा नसतो, काळा चिखल असतो. गिरणीच्या वरच्या, कच्च्या कोळशाच्या बंकरच्या तळाशी चिकटून बसतो. खालून गिरणीत कोळसा सोडणारा फीडर रिकामा फिरतो आणि वर बंकर भरलेला. मग दोन माणसं घण घेऊन बंकरच्या पोटावर बडवत राहतात. आमच्याकडच्या एका बंकरवर या घणांचे इतके पोचे पडले होते, की नवीन पोरं विचारायची, गोळीबार झाला होता का. गिरणीत आला तरी तो वाळवायला गरम हवा पुरत नाही. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान घसरतं, गिरणी तुंबते, कोळसा कमी करावा लागतो. वीज केंद्रात अशा वेळी ज्योत डळमळली की तेलाच्या बंदुका, म्हणजे तेल फवारून ज्योत टिकवणारे बर्नर, लावतात. त्या तेलाचं बिल गिरणीच्या खात्यावर कधीच पडत नाही, 'इंधन' म्हणून वेगळीकडे जातं. राखेत न जळलेला कार्बन वाढला की सिमेंटवाला ती राख घेताना नाक मुरडतो. तोही तोटा गिरणीचाच, पण तो राखेच्या खात्यावर पडतो.

पाऊस नसतानाही कोळशाबरोबर काय येईल सांगता येत नाही. एकदा रिजेक्टच्या पेटीत, म्हणजे न दळले जाणारे दगड-लोखंड जिथे पडतं तिथे, हाताएवढा चकचकीत तुकडा सापडला. आमच्याच क्रशरच्या हातोड्याचा. पट्ट्यावर चुंबक होतं, मग हा आत कसा आला? हातोडा मँगनीज पोलादाचा, त्याला चुंबक धरतच नाही. त्यासाठी वेगळा मेटल डिटेक्टर लागतो, आणि तो पैसे वाचवायला म्हणून यादीतून वगळला होता. त्या तुकड्याने एका रोलरचं कवच फोडलं होतं.

कपाटातला गिअरबॉक्स

उभ्या मिलचा जीव तिच्या गिअरबॉक्समध्ये. टेबलाचा आणि रोलरच्या दाबाचा सगळा भार त्याच्यावर. तो बहुतेक वेळा परदेशातून येतो आणि मागवल्यावर महिनोन्‌महिने लागतात. म्हणून एक जास्तीचा आणून ठेवायचा की नाही? दोन कोटींचा गिअरबॉक्स गोदामात ठेवला, तर दहा टक्क्यांनी वर्षाला २० लाखांचं व्याज जातं. दिवसाला २४ लाख बुडवणाऱ्या भट्टीसाठी हा विमा स्वस्त आहे. लेखापालाला मात्र तो 'पाच वर्षं न हललेला माल' दिसतो. हे भांडण मी तीनदा भांडलो, दोनदा हरलो.

आगीचाही खर्च धरा. कोळशाची भुकटी हवेत उडाली की दारूगोळाच. स्फोट झाल्यास दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा, कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या, कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवणारी यंत्रं, हे कुणी 'पर्यायी' म्हणून कोटेशनच्या शेवटी टाकलं असेल, तर ते पहिल्या पानावर आणून किंमत पुन्हा बेरीज करा. सगळ्यांत धोक्याची वेळ गिरणी सुरू आणि बंद करतानाची. वर सांगितलेला दुपारचा सौर उतार इथेही आडवा येतो: जितक्या वेळा बंद-चालू, तितक्या वेळा तो धोका.

मग साहेबांना काय सांगितलं?

सांगितलं, की उभी मिल घ्या, पण ३० टनांची नको. आपला वर्षातला सगळ्यांत वाईट कोळसा धरून तिने २० तासांत ५४५ टन दळले पाहिजेत, असं लिहून घ्या. वाईट कोळसा म्हणजे कुठला? ऑगस्टमधल्या चार वेगवेगळ्या आठवड्यांचे नमुने पोत्यात भरून ठेवलेत, त्यांचे निर्देशांक आणि झिजेचे आकडे निविदेला जोडा. किंमत चारऐवजी सहा कोटींनी जास्त येईल. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

आणखी एक काम मी स्वतःकडे घेतलं. विक्रेत्याने 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून तीन कारखान्यांची यादी दिली होती. तिथे गेल्यावर मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा होतो, गिरणी उत्तम आहे असं ऐकायला मिळतं. चहा झाला की मी स्टोअरमध्ये जातो. स्टोअरकीपरला तंबाखू पुढे करायची आणि माल दिल्याचं रजिस्टर मागायचं. रोलरचं कवच कुठल्या तारखेला बाहेर गेलं आणि पुढचं कुठल्या तारखेला, दोन नोंदींमधले महिने मोजायचे. दुसऱ्या कारखान्यात ते १४ महिने होते. कोटेशनमध्ये २४ लिहिले होते.